सभा वाढल्या, तरी शिक्षक गप्प का? निर्णयातील सहभाग आणि बांधिलकी यांविषयी एका मुख्याध्यापकांना उत्तर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. चाळीस शिक्षकांच्या शाळेचे मुख्याध्यापकपद आपण दोन वर्षांपूर्वी स्वीकारले. आधीच्या काळात सगळे निर्णय कार्यालयातून परिपत्रकाने येत, म्हणून आपण दर पंधरवड्याला शिक्षक सभा सुरू केली, सहा समित्या नेमल्या आणि प्रत्येक विषय सर्वांसमोर खुला ठेवला. पहिले काही महिने शिक्षक भरभरून बोलले. आता ठरावीक पाच-सहा जणच बोलतात, बाकीचे घड्याळाकडे पाहत बसतात आणि आपल्या मते सर्वांत चांगल्या असलेल्या दोन शिक्षिकांनी समितीतून मोकळे करण्याची विनंती केली आहे. त्यावरून आपण विचारता की, शिक्षकांना निर्णयात सहभाग मुळात नकोच असतो का, की आपल्याच शिक्षकांमध्ये कामाची बांधिलकी कमी आहे?

मी चौदा वर्षे गणिताची शिक्षिका होते आणि त्यानंतर तेरा वर्षे मुख्याध्यापिका. निर्णय जिथून निघतो ती जागा आणि तो जिथे जाऊन पोहोचतो ती जागा, अशा दोन्ही जागी मी बसले आहे. त्या अनुभवावरून मला वाटते की आपण मांडलेल्या दोन्ही शक्यता सध्या बाजूला ठेवाव्यात. आपण शिक्षकांना बोलावले, परंतु त्यांच्या बोलण्याने काय बदलले हे त्यांना दिसले नाही. आणि ज्या बाबतीत त्यांना काही म्हणायचे नव्हते, त्या बाबतीतही त्यांना तासन्‌तास बसवून ठेवले गेले. या दोन्ही गोष्टींनी माणूस गप्प होतो, आणि बाहेरून पाहणाऱ्याला ते गप्प बसणे उदासीनतेसारखे दिसते.

आधी बांधिलकी या शब्दाविषयी लिहिते, कारण तो आपण एकाच अर्थाने वापरला आहे. जॉन मेयर आणि नॅटली ॲलन या अभ्यासकांनी 1991 मध्ये संस्थेविषयीच्या बांधिलकीचे तीन प्रकार मांडले, आणि शाळेत मला तिन्ही प्रकारची माणसे भेटली आहेत. काही जण शाळा आपली वाटते म्हणून तिथे असतात. काही जण सोडून गेल्यास पगार, ज्येष्ठता आणि बसलेली घडी यांवर पाणी सोडावे लागेल म्हणून असतात. काही जणांना, आपल्याला इतके दिले त्या शाळेला सोडून जाणे बरे नव्हे, असे मनापासून वाटते. वेळेवर येणे, हजेरीपटावर सही करणे, अभ्यासक्रम पूर्ण करणे या बाबतीत तिघांत फारसा फरक दिसत नाही. फरक दिसतो तो न सांगता करायच्या कामांत: सहकारी आजारी असताना त्याचा वर्ग आपणहून सांभाळणे, मागे पडलेल्या मुलासाठी सुटीत थांबणे, शाळेच्या एखाद्या चुकीबद्दल तोंडावर बोलण्याचे धाडस करणे. निर्णयातील सहभागाचा सर्वाधिक संबंध पहिल्या प्रकाराशी येतो, कारण जी गोष्ट घडवण्यात आपला हात असतो ती आपली वाटू लागते.

याशिवाय, बांधिलकी कशाशी, हेही पाहावे लागते. शिक्षकाची बांधिलकी मुलांशी असू शकते, विषयाशी असू शकते, शाळेशी असू शकते, आणि या तिन्ही एकत्र असतीलच असे नाही. वर्गासाठी जीव टाकणारी शिक्षिका शाळेच्या कारभाराविषयी पूर्ण अलिप्त असू शकते. तेव्हा सभेत कोण किती बोलते, यावरून कोणाचीही बांधिलकी मोजू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. त्या मापाने आपण आपल्या सर्वांत चांगल्या शिक्षकांवर अन्याय कराल.

हे मला कसे उमगले ते सांगते. मी शिक्षिका असताना एका शाळेत घटक चाचण्या वर्षातून किती घ्याव्यात यावर सभा झाली. चर्चा दीड तास चालली आणि दोन्ही बाजूंनी चांगले मुद्दे आले. सभा संपल्यावर सह्यांसाठी इतिवृत्ताची वही फिरली. वहीच्या पानावर ठराव टंकलिखित करून चिकटवलेला होता, आणि डिंक केव्हाच वाळून कागदाची एक कड उचलली गेली होती. म्हणजे तो कागद सभेच्या आधीच तिथे लागलेला होता. माझ्या शेजारी बसलेल्या भाषेच्या ज्येष्ठ शिक्षिकेने त्या कडेवरून बोट फिरवले, माझ्याकडे एकदा पाहिले, सही केली आणि वही पुढे सरकवली. त्यानंतर जितकी वर्षे आम्ही एकत्र होतो, तितकी वर्षे त्या कोणत्याही सभेत एक अक्षर बोलल्या नाहीत. वह्यांचा गठ्ठा आणून तपासत बसत. मुख्याध्यापकांनी त्यांच्या गोपनीय अहवालात ‘शाळेच्या कामात रस नाही’ असा शेरा दिला. त्याच शिक्षिका रोज मधल्या सुटीत जिन्याच्या पायरीवर एका मुलाला बसवून वाचायला शिकवत होत्या. त्यांची मुलांशी असलेली बांधिलकी जराही ढळली नव्हती. शाळेच्या निर्णयांशी असलेले नाते मात्र त्या एका कागदाने तोडले होते.

न्यायाच्या भावनेचा अभ्यास करणाऱ्या रॉबर्ट फोल्जर यांनी 1977 मध्ये याच्याशी जुळणारी एक गोष्ट दाखवून दिली. मत मांडण्याची संधी मिळाली की एरवी माणसाला निर्णय अधिक न्याय्य वाटतो. परंतु काही परिस्थितींत मत मांडूनही पदरी तेच ते पडत राहिले, तर मत न विचारलेल्या माणसापेक्षा मत विचारलेल्या माणसाला अन्याय अधिक बोचतो. शिक्षक सभेचा अनुभव असलेल्या कोणालाही हे पटेल. परिपत्रकाने आलेला निर्णय शिक्षक निमूटपणे पाळतो, पण आपले मत घेऊन ते बासनात गुंडाळल्याचे त्याला कळले, तर तो दुखावतो आणि पुढच्या वेळी तोंड उघडत नाही.

आपण असे काही केले असेल असे मी म्हणत नाही. आपल्या प्रश्नातून आपली तळमळ स्पष्ट दिसते. तरीही एक काम करून पाहावे. गेल्या दहा सभांची इतिवृत्ते समोर घ्यावीत आणि सभेला जाण्यापूर्वी आपल्या मनात जे होते त्यापेक्षा वेगळे ठरलेले किमान तीन निर्णय शोधावेत. ते सापडले, तर ते कोणाच्या सूचनेमुळे वेगळे ठरले, हे त्या व्यक्तीला आणि इतरांना कोणी सांगितले का, ते पाहावे. ते सापडले नाहीत, तर शिक्षकांच्या शांततेचे बरेचसे कारण तिथेच मिळेल.

यापुढे जे लिहिते आहे त्यातील काही भाग परिस्थितीवर अवलंबून आहे, हे आधीच मान्य करते. बारा शिक्षकांच्या शाळेत एका टेबलाभोवती बसून जे साधते, ते ऐंशी शिक्षकांच्या शाळेत साधत नाही. मुख्याध्यापकाच्या स्वतःच्या हातात किती अधिकार आहेत, यावरही पुष्कळ ठरते. जो निर्णय आपल्यालाच वरून आलेला असतो, त्यात आपण शिक्षकांना काय वाटा देणार? निम्मे शिक्षक तात्पुरत्या नेमणुकीवर असतील, तर मुख्याध्यापकासमोर उघड मतभेद दाखवणे त्यांना परवडत नाही, आणि त्यांच्याकडून तशी अपेक्षा करणेही योग्य नाही. शाळेत जुने गट असतील, तर खुली सभा ही त्या गटांच्या लढाईची जागा बनते. आपल्या शाळेत यांपैकी काय आहे, हे आपणच जाणता.

आता मूळ मुद्दा: कोणत्या निर्णयात शिक्षकांना घ्यावे? व्यवस्थापनावर लिहिणारे चेस्टर बर्नार्ड यांनी 1938 मध्येच लिहून ठेवले होते की, प्रत्येक कर्मचाऱ्याच्या मनात एक तटस्थतेचे क्षेत्र असते. त्या क्षेत्रात येणारी सूचना तो का-कशाला न विचारता स्वीकारतो. एडविन ब्रिजेस यांनी 1967 मध्ये तोच विचार शाळेला लावला आणि मुख्याध्यापकाने दोन प्रश्न विचारावेत असे सुचवले. या निर्णयाचे बरेवाईट परिणाम या शिक्षकावर होणार आहेत का? आणि या विषयात भर घालण्याइतके ज्ञान त्याच्याकडे आहे का? दोन्हींची उत्तरे होय असतील, तर त्याला अगदी सुरुवातीपासून, म्हणजे अडचण नेमकी काय आहे हे ठरवण्यापासून बरोबर घ्यावे. दोन्हींची उत्तरे नाही असतील, तर त्याचा वेळ घेऊ नये. एकच होय असेल, तर मर्यादित सहभाग पुरतो.

मी ही कसोटी वर्षानुवर्षे वापरली आणि ती फार क्वचित चुकली. पाण्याच्या टाकीची दुरुस्ती कोणाकडून करून घ्यायची, हा विषय मी एकदा सगळ्या सभेपुढे ठेवला होता. शिक्षक पाऊण तास सौजन्याने बसले. त्याच आठवड्यात वर्गांची अदलाबदल करण्याचा निर्णय मात्र मी एकटीने घेऊन सूचना फलकावर लावला, कारण ती मला कार्यालयीन बाब वाटली होती. विज्ञानाच्या शिक्षिकेचा वर्ग प्रयोगशाळेपासून दोन मजले दूर गेला, आणि काचेचे साहित्य हातात घेऊन तिला दिवसातून चार वेळा जिना चढावा लागू लागला. टाकीबद्दल विचारले आणि वर्गाबद्दल विचारले नाही, असे ती मला म्हणाली तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते.

जोसेफ अलुट्टो आणि जेम्स बेलास्को यांनी 1972 मध्ये शिक्षकांचा अभ्यास करताना एक साधी पण फार उपयोगी पद्धत अवलंबली. प्रत्येक शिक्षक प्रत्यक्षात किती निर्णयांत सहभागी होतो आणि किती निर्णयांत त्याला सहभागी व्हायचे आहे, यांतील अंतर त्यांनी मोजले. काहींना हवा त्यापेक्षा कमी सहभाग मिळत होता, काहींना हवा तितका मिळत होता आणि काहींना हवा त्यापेक्षा जास्त. तिसरा गट मुख्याध्यापकांच्या नजरेतून नेहमी निसटतो. सहभाग जितका जास्त तितका बरा, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात पोट भरल्यावरही कोणी ताटात वाढत राहिल्यासारखे होते. आपल्या त्या दोन शिक्षिका या तिसऱ्या गटातील असाव्यात, असा माझा अंदाज आहे. चांगल्या शिक्षकांचे असे बरेचदा होते, कारण प्रत्येक समितीला तेच हवे असतात.

म्हणून माझी सूचना अशी की, अंदाज न करता विचारावे. मी वर्षाच्या सुरुवातीला एक कागद वाटत असे. त्यावर शाळेतील पंधरा-वीस निर्णय लिहिलेले असत: वेळापत्रक, चाचण्यांचे स्वरूप, पूरक पुस्तकांची निवड, शिस्तीचे नियम, वर्गवाटप, पालकसभेची पद्धत, ग्रंथालयाची खरेदी, स्नेहसंमेलन, इमारतीची दुरुस्ती, प्रशिक्षणाला कोणाला पाठवायचे, वगैरे. प्रत्येकापुढे दोन रकाने असत. सध्या तुमचे यात किती ऐकले जाते, आणि किती ऐकले जावे असे तुम्हाला वाटते? नाव लिहायचे बंधन नसे. पहिल्या वर्षी ते कागद पाहून मी चकित झाले. स्नेहसंमेलन आणि दुरुस्ती यांत कोणालाच अधिक वाटा नको होता. शिस्तीचे नियम, चाचण्या आणि वर्गवाटप यांत मात्र जवळजवळ प्रत्येकाच्या दोन रकान्यांत मोठे अंतर होते. आमच्या सभांचा बहुतेक वेळ तोपर्यंत स्नेहसंमेलनावर जात होता.

शिस्तीचा मुद्दा पुढे येण्यामागे कारण आहे. शिक्षकांच्या अधिकारांचा दीर्घकाळ अभ्यास करणारे अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ रिचर्ड इंगरसोल यांनी दाखवले आहे की, विद्यार्थ्यांचे वर्तन आणि शिस्त यांसारख्या बाबींत शिक्षकांना अधिक अधिकार असलेल्या शाळांत संघर्ष कमी असतो आणि शिक्षक सोडून जाण्याचे प्रमाणही कमी असते. काय आणि कसे शिकवायचे याचे बरेच स्वातंत्र्य शिक्षकाला वर्गाचे दार लावल्यावर मिळतेच. पण मूल वर्गात उशिरा आले तर काय करायचे, हे एकट्याला ठरवता येत नाही. एकाने बाहेर उभे करायचे आणि दुसऱ्याने हसून आत घ्यायचे, असे झाले की दोघांचाही धाक आणि दोघांचेही प्रेम वाया जाते. ज्या नियमाच्या अंमलबजावणीचा भार रोज शिक्षकावर पडतो, तो नियम ठरवताना तो खोलीत नसेल, तर तो नियम त्याला परका वाटणे स्वाभाविक आहे.

कोणता निर्णय हे ठरल्यावर, कुठपर्यंत हा प्रश्न येतो, आणि माझ्या मते बहुतेक शाळांत गोंधळ इथेच होतो. व्हिक्टर व्रूम आणि फिलिप येटन यांनी 1973 मध्ये निर्णयाच्या पायऱ्या मांडल्या होत्या: प्रमुखाने एकट्याने ठरवणे, माहिती मागवून एकट्याने ठरवणे, एकेकट्याशी बोलून ठरवणे, गटाचे म्हणणे ऐकून स्वतः ठरवणे, आणि गटानेच ठरवणे. यांतील प्रत्येक पायरी आपापल्या जागी प्रामाणिक आहे. अप्रामाणिकपणा होतो तो चौथ्या पायरीवर उभे राहून पाचव्या पायरीची भाषा बोलल्यामुळे. ‘आपण सगळे मिळून ठरवू या’ असे म्हणायचे आणि मग कार्यालयात बसून वेगळेच ठरवायचे, यापेक्षा ‘मला तुमचे म्हणणे ऐकायचे आहे, निर्णय मी घेईन आणि त्याची कारणे शुक्रवारपर्यंत सांगेन’ असे म्हणणे कितीतरी चांगले. मी कार्यसूचीवर प्रत्येक विषयापुढे तीनपैकी एक शब्द लिहीत असे: माहितीसाठी, मतासाठी, निर्णयासाठी. एवढ्या एका सवयीने सभेतील निम्मी कटुता गेली, कारण आपल्याला कशासाठी बोलावले आहे हे प्रत्येकाला आधीच कळत असे.

वेळापत्रकाचे उदाहरण जरा सविस्तर सांगते, कारण शाळेत याहून जिव्हाळ्याचा कागद दुसरा नाही. आमच्याकडे पर्यवेक्षक सुटीत घरी बसून वेळापत्रक तयार करत आणि पहिल्या दिवशी ते लागले की आठवडाभर कुरकुर चाले. एका वर्षी मी शिक्षक खोलीच्या भिंतीवर मोठा कोरा तक्ता लावला आणि प्रत्येक तासिकेसाठी रंगीत चिठ्ठी ठेवली. बंधने मी स्वतः वर लिहिली: एकूण तासिका, अर्धवेळ शिक्षकांचे दिवस, प्रयोगशाळा एकच, मैदान एकच. या बंधनांत राहून मांडणी शिक्षकांनी करायची आणि ती झाली की तीच लागू होईल, असे मी सांगितले. तीन दिवस चिठ्ठ्या हलत होत्या. शेवटची तासिका कोणालाच नको होती. तेव्हा शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांनी सांगितले की, जेवणानंतरच्या पहिल्या तासिकेला मुले धावू शकत नाहीत, ती तासिका भाषेला द्या आणि शेवटची मला द्या. गेली आठ वर्षे ती जेवणानंतरची तासिका त्यांच्याकडे होती आणि कोणी त्यांना विचारले नव्हते. ते वेळापत्रक आधीच्यापेक्षा सर्वस्वी चांगले होते असा माझा दावा नाही. गणिताच्या दोन तासिका एका वर्गात लागोपाठ आल्या होत्या. पण त्या वर्षी पहिल्या आठवड्यात तक्रार घेऊन कोणी आले नाही, आणि कोणी गैरहजर असले की बदली तासिकेची व्यवस्था शिक्षक आपापसांत करू लागले. कोणाची चिठ्ठी कुठे आणि का लागली आहे, हे सर्वांना माहीत होते.

सहभागाची किंमतही असते आणि ती शिक्षक देतो. डॅनियल ड्यूक, बेव्हर्ली शॉवर्स आणि मायकेल इंबर यांनी 1980 मध्ये या किमतीचा हिशेब मांडला: वेळ जातो, वर्गातील स्वातंत्र्यावर समूहाची मर्यादा येते, सहकाऱ्यांची नाराजी ओढवू शकते, बढतीवर परिणाम होण्याची भीती असते. त्यांना असेही आढळले की शिक्षक सहभागाला फारसे उत्सुक नव्हते, आणि त्यामागे आपल्या बोलण्याने खरोखर काही बदलेल का, ही शंका होती. यातील वेळेची किंमत मुख्याध्यापकाच्या हातात असते. समितीचे काम शाळा सुटल्यावरच करायचे असेल, तर घरी लहान मूल किंवा आजारी माणूस असलेली शिक्षिका त्यातून आपोआप बाहेर पडते आणि मग समितीत फक्त मोकळा वेळ असलेल्यांचा आवाज उरतो. म्हणून मी समितीप्रमुखाला आठवड्याच्या दोन तासिका कमी देत असे आणि सर्वांची सभा महिन्यातून एकदाच, शाळेच्या वेळेत, एक तासापुरती घेत असे.

आता आपल्या प्रश्नातील सर्वांत अवघड भागाकडे येते. सहभागाने बांधिलकी वाढते, हे कशावरून? अनेक पाहण्यांत दोन्ही गोष्टी बरोबर वाढताना दिसतात, परंतु त्यावरून कारण कोणते आणि परिणाम कोणता हे ठरत नाही. ज्याची बांधिलकी मुळातच जास्त तो स्वतःहून पुढे येतो, असेही असू शकते. या बाबतीत मला सर्वाधिक शिकवून गेलेला प्रयोग शाळेतील नाही, कारखान्यातील आहे. अमेरिकेतील हारवुड या कपडे शिवण्याच्या कारखान्यात कामाची पद्धत बदलायची होती. लेस्टर कॉक आणि जॉन फ्रेंच यांनी काही गटांना बदल ठरवण्यात प्रत्यक्ष सामील केले, एका गटाला प्रतिनिधींमार्फत सामील केले आणि एका गटाला फक्त आदेश दिला. 1948 मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे की, आदेश मिळालेल्या गटाचे काम घसरले ते सावरलेच नाही, त्यातील काही जण नोकरी सोडून गेले. सामील केलेले गट लवकर सावरले आणि पुढे गेले. याहून महत्त्वाची गोष्ट त्यानंतरची आहे. आदेश मिळालेल्या गटातील उरलेल्या कामगारांना काही काळाने दुसऱ्या बदलाच्या वेळी पूर्ण सामील करून घेतले, तेव्हा त्यांनीही चांगले काम करून दाखवले. माणसे तीच होती. ज्यांना कोणीही सहज कामचुकार म्हटले असते, त्यांच्यात खोट नव्हती. आपल्या गप्प शिक्षकांकडे पाहताना हे लक्षात ठेवावे, अशी माझी विनंती आहे.

पुढे 1960 मध्ये नॉर्वेतील एका पादत्राणांच्या कारखान्यात झालेल्या तशाच प्रयोगात मात्र परिणाम फार क्षीण दिसला. एक कारण असे दिले गेले की, तिथे कामगारांना ज्या निर्णयांत वाटा दिला होता, त्यांचा त्यांच्या मुख्य कामाशी जवळचा संबंध नव्हता. म्हणजे पुन्हा टाकी आणि वर्ग यांचीच गोष्ट झाली.

काही निर्णय एकट्यानेच घ्यायचे असतात. मुलाच्या सुरक्षिततेचा प्रश्न, एखाद्या शिक्षकाविरुद्धची तक्रार, एखाद्या मुलाच्या घरची नाजूक माहिती, ही सभेची बाब नव्हे. जिथे वेळच नाही तिथे निर्णय घेऊन मागाहून कारणे सांगावीत. शिक्षक ते समजून घेतात, फक्त तातडीचे कारण रोज दिले जाऊ नये. शिक्षकांमध्ये खोल मतभेद असलेल्या विषयावर हात वर करून मतदान घेणेही मी टाळत असे. एकवीस विरुद्ध एकोणीस असा निकाल लागला की, त्या एकोणीस जणांना मनाविरुद्ध असलेली गोष्ट वर्षभर वर्गात राबवावी लागते. अशा वेळी एका सत्रापुरता, दोन इयत्तांपुरता प्रयोग करून पाहणे बरे.

आणखी एक गोष्ट मुख्याध्यापक सहसा उघड बोलत नाहीत, ती म्हणजे भीती. निर्णय शिक्षकांनी घेतला आणि तो फसला, तर जबाब मात्र मलाच द्यावा लागेल. ही भीती खरी आहे. आमच्या मूल्यमापन समितीने एका वर्षी लेखी चाचणीऐवजी तोंडी परीक्षेचा मोठा भाग ठेवला. एका शिक्षकामागे पन्नासहून अधिक मुले होती. परीक्षा तीन आठवडे रेंगाळली, गुणांत फरक पडला आणि पालक संतापून आले. समितीतील तरुण शिक्षक माझ्या खोलीबाहेर खाली मान घालून उभे होते. मी पालकांना सांगितले की निर्णय शाळेचा आहे आणि दुरुस्तीही शाळाच करील. समितीचे नाव घेतले नाही. त्या दिवशी मी त्यांच्याकडे बोट दाखवले असते, तर पुढे कोणत्याही समितीने केवळ सुरक्षित तेच सुचवले असते. पुढच्या वर्षी त्याच समितीने मुलांचे छोटे गट पाडून, दर आठवड्याला एका गटाची तोंडी परीक्षा घेण्याची योजना आणली, आणि ती टिकली.

हे सारे शिक्षकांवर केलेले उपकार नव्हेत, हेही नमूद करते. शिक्षकांच्या दर्जाविषयी युनेस्को आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी मिळून केलेल्या 1966 च्या शिफारशीत शैक्षणिक धोरण, शाळेची रचना आणि नवे बदल यांबाबत शिक्षक संघटनांशी विचारविनिमय करण्याचे मान्य मार्ग असावेत, असे म्हटले आहे. ज्याच्या हातात आपण मुले सोपवतो त्याचे मत मुलांविषयीच्या निर्णयात घ्यायचे, यात औदार्याचा प्रश्नच येत नाही.

आता आपण काय करावे, ते एकत्र सांगते. पंधरवड्याची सभा महिन्यावर आणावी आणि प्रत्येक विषयापुढे माहिती, मत किंवा निर्णय असे स्पष्ट लिहावे. दोन रकान्यांचा तो कागद एकदा वाटावा आणि सर्वांत मोठे अंतर जिथे दिसेल असा एकच निर्णय निवडून तो बंधनांसह खरोखर शिक्षकांवर सोपवावा. सहा समित्यांपैकी ज्यांच्या सूचनांवर गेल्या वर्षभरात काहीच झाले नाही, त्या बंद कराव्यात. आणि इतिवृत्ताच्या वहीत एक रकाना वाढवावा: सूचना कोणती आली, त्याचे काय झाले, आणि मान्य झाली नसेल तर का नाही. पुढच्या सभेची सुरुवात तो रकाना वाचून करावी. आमच्याकडे याला पाच मिनिटेही लागत नसत, पण नाकारलेल्या सूचनेचे कारण शांतपणे ऐकून घेऊन तोच शिक्षक पुढच्या वेळी अधिक चांगली सूचना घेऊन आल्याचे मी अनेकदा पाहिले आहे. लगेच फळ मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. जिथे आधीचा काळ कडक होता तिथे शिक्षक पहिले वर्षभर केवळ पाहत राहतात, आणि त्यांनी पाहावे हे योग्यच आहे.

राहिल्या त्या दोन शिक्षिका. त्यांना कारण न विचारता समितीतून मोकळे करावे, आणि ते या आठवड्यातच करावे. मग काही दिवसांनी, कार्यालयात न बोलावता, त्यांच्या वर्गाच्या दाराशी किंवा शिक्षक खोलीत त्यांना एकच गोष्ट विचारावी: वर्गात रोज अडणारी आणि शाळेने ठरवले तर सुटू शकणारी अशी एखादी गोष्ट आहे का? त्या जे सांगतील ते लिहून घ्यावे आणि जमल्यास त्याच महिन्यात करून द्यावे. ते जमण्यासारखे नसेल, तर का जमत नाही हे स्वतः जाऊन सांगावे.